कंपनी कोणती ते नंतर, आधी डबा कुठे आहे ते बघा

प्रश्न एका ताईंचा आहे. सोलापूरच्या साखर पेठेतलं जुनं घर सोडून त्या विजापूर रोडच्या आतल्या बाजूला चौथ्या मजल्यावर राहायला चालल्या आहेत. घरात पाच माणसं. ताई पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात, मुलगा अकरावीत आहे आणि रात्री गेम खेळतो. सासूबाईंना संध्याकाळी सातपासून तेलुगू मालिका लागतात, सासऱ्यांना मराठी बातम्या आणि क्रिकेट. नव्या घरी अजून सामान पोचलेलं नाही, पण तीन कार्डं पोचलीत. एक मोठ्या कंपनीचं, एक गच्चीवर यंत्र लावून बिनतारी नेट देणाऱ्याचं आणि एक भागातल्या केबलवाल्याचं: ‘नेट-टीव्ही दोन्ही घ्या, एकच बिल.’ वर दिराचा सल्ला, डिश लावून मोकळे व्हा. ताई विचारतात, यातली चांगली कंपनी कोणती?

ताई, मी १९९७ पासून या तारांमध्ये आहे. तेव्हा काळी जाड केबल खांद्यावर टाकून गच्च्या पालथ्या घालायचो, आता फायबरचे जॉइंट मारतो. कुणाचा एजंट नाही. ज्याची केबल तुटेल तो बोलावतो, आज या कंपनीचा, उद्या त्या. त्यामुळे ‘कोणती चांगली’ याचं उत्तर मला एका नावात देता येत नाही. तीच कंपनी होटगी रोडला महिनोन्महिने तक्रारीविना चालते आणि शेळगीत आठवड्यातून दोनदा झोपते, हे मी रोज बघतो. कंपनीचं नाव वरच्या टोकाला असतं. तुमच्या घरापर्यंतचं शेवटचं अर्धा-एक किलोमीटर अंतर स्थानिक माणसाच्या हातात असतं. पुष्कळदा दोन कंपन्यांची कामं तीच चार पोरं करतात, फक्त टी-शर्ट बदलतात.

म्हणून पहिलं काम करा. नव्या इमारतीखाली उभं राहून वर बघा. खांबावर किंवा जिन्यात तळहाताएवढा किंवा थोडा मोठा पांढरा-काळा डबा दिसेल आणि त्यातून बारीक तारा निघून घराघरांत गेलेल्या असतील. तो कुणाचा आहे, हे वॉचमन सांगेल. ज्याचा डबा इमारतीतच आहे, तो तुमच्यासाठी निम्मी बाजी जिंकला. ज्याचा दोन गल्ल्या पलीकडे आहे, तो तिथून तार ओढत आणणार: कुणाच्या गच्चीवरून, कुणाच्या आंब्याच्या फांदीवरून. ती तार पुढे वर्षभर तुटत राहणार.

मग दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या घरी चहाला जा आणि विचारा, शेवटचं नेट कधी गेलं, किती तासांत आलं आणि दुरुस्तीला कोण आलं. ‘कोण आलं’ हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पोराचं नाव सांगता आलं आणि त्याचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह असला, तर तिथे सेवा आहे असं समजा. ‘कॉल सेंटरला लावतो, मग मेसेज येतो’ असं उत्तर मिळालं तर जरा थांबा. रात्री नऊ-साडेनऊला स्पीड पडतो का, हेही त्यांनाच विचारा. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही, तो ‘काही प्रॉब्लेम नाही’ एवढंच म्हणतो.

सोलापुरात तारा का तुटतात, ते सांगतो. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ साली आपलं नाव आलं, तेव्हापासून आमच्या धंद्याला जेसीबीची ओळख झाली. रस्ता, ड्रेनेज, पाण्याची लाइन. प्रत्येक खोदकामात कुणाची तरी फायबर वर येते, आणि ती पुरलीय कुठे याचा नकाशा खोदणाऱ्याकडे नसतो. वरून गेलेल्या केबलची दुखणी वेगळी. चादरी-टॉवेलांच्या गाठी भरलेला उंच ट्रक अक्कलकोट रोडकडून पेठेत वळला की काहीतरी ओढत नेतो. संक्रांतीच्या आगेमागे मांजा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या वाटेवर आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथाच्या वाटेवर आडव्या तारांना जागा नाही. त्या उतरवायच्या, नंतर पुन्हा बांधायच्या. बांधताना घाई होते आणि तारेला गाठ बसते. फायबर म्हणजे काच आहे. गाठीने ती लगेच तुटत नाही, पण जास्त वाकली की आतला प्रकाश बाहेर सांडतो आणि चार दिवसांनी फोन येतो, ‘काका, नेट चालंना की!’ तुमचा विजापूर रोड यातल्या मिरवणुकांपासून लांब आहे, खोदकामापासून नाही.

आता एक प्रश्न, जो गिऱ्हाईक कधी विचारत नाही: मधे कुठे वीज लागते का? फायबरच्या आजच्या चांगल्या पद्धतीत कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत मधे वीज लागत नाही. वाटेतला स्प्लिटर म्हणजे प्रकाशाची वाटणी करणारा काचेचा तुकडा. पण जुन्या स्थानिक जाळ्यांत अजून कुणाच्या तरी गच्चीवर प्लगला लावलेला स्विच, म्हणजे नेट पुढे वाटणारी पेटी, असतो. त्या घरची लाइट गेली, किंवा घरमालकाने चिडून प्लग काढला, की तुमचं नेट बंद. तुमच्याकडे इन्व्हर्टर असून उपयोग नाही. कंपनीच्या केंद्रातून प्रकाश पाठवणाऱ्या यंत्राला ओएलटी म्हणतात. केबलवाल्याला सरळ विचारा, ‘ओएलटीवरून थेट येतं की मधे स्विच आहे?’ ओएलटी हा शब्द ऐकला की तो समोरच्याला ओळखतो आणि खरं बोलतो.

जोडणीच्या दिवशी त्या पोराकडचा पॉवर मीटर, म्हणजे तारेतल्या प्रकाशाचा जोर मोजणारं यंत्र, बघायला मागा. आकडा वजामध्ये असतो. उणे १८ ते उणे २३ आला तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पुढे गेला तर आज नेट चालेल आणि पहिल्या धक्क्याला लाल दिवा लागेल. ‘चालू झालं ना, आकडा कशाला?’ असं म्हणाला तर त्याला पाणी द्या, पण सही देऊ नका. टोकाला वितळवून मारलेला जॉइंट मागा. दाबून बसवायचा कनेक्टर पाच मिनिटांत लागतो, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर राहिला तर दोन उन्हाळ्यांत ढिला होतो. माझी निम्मी उन्हाळी कमाई त्याच कनेक्टरची आहे.

स्पीडबद्दल थोडक्यात. ‘२०० एमबीपीएस’ ऐकून भारावू नका. एक एचडी सिनेमा ५ एमबीपीएसमध्ये चालतो, फोर-केला साधारण १५ लागतात, तुमच्या व्हिडिओ मीटिंगला ३-४ पुरतात. पाचही माणसं एकदम लागली तरी पन्नासच्या आत भागतं. १०० चा प्लॅन भरपूर झाला. मुलाच्या गेमला स्पीड कमीच लागतो, त्याला पिंग लागतो, म्हणजे इकडून निघालेला निरोप तिकडून किती पटकन परततो ते. तो स्थिर हवा, आणि स्थिर पिंग तारेवर मिळतो. तुमच्या कामासाठी मात्र अपलोड विचारा. डाउनलोड सगळे छातीठोक सांगतात, अपलोडला आवाज उतरतो. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा गोठतो तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष अपलोडचा किंवा वायफायचा असतो. कार्डावरचा एमबी आणि फाइलचा एमबी एक नव्हे, आठने भागावं लागतं. १०० च्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीने उतरली तर लाइन ठणठणीत आहे.

वायफायचं आणखी एक. नवी इमारत म्हणजे सिमेंट आणि सळई. राउटर टीव्हीच्या लाकडी युनिटच्या आत, तोही सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागे ठेवला, की आतल्या बेडरूममध्ये नेट पोचत नाही आणि शिव्या कंपनीला बसतात. राउटर घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघडा ठेवा. फुकट मिळतो तो पुष्कळदा एकाच बँडचा, २.४ गीगाहर्ट्झचा असतो. तुमच्या इमारतीत त्याच बँडवर वीस राउटर ओरडत असतील. दोन बँडचा, ५ गीगाहर्ट्झवालाही, मागून घ्या. त्याचं तार लावायचं लॅन पोर्ट गीगाबिटचं आहे ना, हेही बघा. साध्या पोर्टवर तारेनेसुद्धा ९४-९५ च्या वर काटा सरकत नाही आणि २०० चे पैसे फुकट जातात. पेठेतल्या कारखान्याच्या घरात तर राउटर वर्षातून दोनदा ब्रशने झाडायचा असतो. एकदा एका यंत्रमागवाल्याचा ‘जळालेला’ राउटर मी उघडला, आत कापसाच्या धुळीची गादी होती. गादी काढली, चालू झाला. तुमच्या नव्या घरी हे नाही, पण जुना राउटर बरोबर आणणार असाल तर आधी उघडून बघा.

बिनतारी पेटी, म्हणजे गच्चीवर यंत्र लावून मिळणारं फाइव्ह-जी नेट, मी वाईट म्हणत नाही. बाळे, कुंभारीकडे जिथे फायबर पोचलेली नाही तिथे ते वरदान आहे, दोन दिवसांत लागतं. पण त्या टॉवरवर आसपासचे सगळे मोबाइलही असतात, त्यामुळे संध्याकाळी ते दमतं आणि पिंग हेलकावतो. तुमच्या इमारतीत फायबरचा डबा असेल तर तिकडे बघूच नका. डबा नसेल तर तात्पुरतं घ्या, वर्षभराचे पैसे न भरता.

आता टीव्ही. पुण्या-नाशिकचा माणूस या विषयावर जे सांगेल ते सोलापुरात अर्धंच लागू पडतं, कारण आपल्याकडे एका घरात तीन भाषांची टीव्ही असते. पूर्व भागात कितीतरी घरांत आजी तेलुगू बघते, सून मराठी बघते आणि शेजारची कन्नड मालिका बघायला येते. कंपन्यांचे ‘महाराष्ट्र पॅक’ हे गृहीत धरत नाहीत. पॅक घेतलं, आजीने रिमोट दाबला आणि पडद्यावर ‘हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’, हे नाटक मी शंभर घरांत पाहिलंय.

सासूबाईंकडून आधी चॅनेलांची नावं कागदावर घ्या. ‘तेलुगू पाहिजे’ एवढ्यावर थांबू नका. स्टार मा, झी तेलुगू, जेमिनी आणि ईटीव्ही तेलुगू ही चार वेगवेगळ्या घराण्यांची चॅनेलं आहेत आणि बुके, म्हणजे चॅनेलांचे एकत्र विकायचे गठ्ठेही, वेगवेगळे. सासूबाईंच्या मालिका यातल्या दोनच चॅनेलांवर निघाल्या तर चारही घराण्यांचे बुके घ्यायची गरज नाही. २०१९ मध्ये ट्रायने, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाने, नियम बदलल्यापासून प्रत्येक चॅनेल सुटा मिळतो आणि त्याचा दर जाहीर करावा लागतो. १९ रुपयांपर्यंतचा चॅनेलच बुकेत टाकता येतो, म्हणून पुष्कळ मोठी चॅनेलं नेमकी १९ वर येऊन बसलेली दिसतात. दोन सुटे चॅनेल ३८ रुपये, जीएसटी धरून ४५ च्या आत. मराठी पॅकवर एवढीच भर पडते. विकणारा मात्र ‘साउथ जम्बो’ गळ्यात मारायला बघतो, ज्यात तमिळ आणि मल्याळमही येतं.

या सगळ्याखाली एक पायाभूत भाडं असतं, त्याला एनसीएफ म्हणतात. २०१९ मध्ये १०० साध्या चॅनेलांना १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, अशी वरची मर्यादा होती. पुढे २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० चॅनेल झाले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढली, आता हा आकडा कंपनी ठरवते. म्हणून पॅकच्या दराशेजारी एनसीएफ किती, हे वेगळं विचारायचं. या मोजणीत एक एचडी चॅनेल दोन साध्यांएवढा धरतात. दुसरा टीव्ही लावणार असाल तर त्याचंही भाडं विचारून ठेवा, तिथे सवलत मिळते पण मागावी लागते.

दिराच्या डिशचं काय? सोलापुरात पाऊस तो किती, सप्टेंबरातल्या दोन-चार मोठ्या सरींत चित्र जातं आणि पंधरा मिनिटांत येतं. डिशचं खरं भांडण दिशेशी आहे. आपल्याकडे लागणाऱ्या सगळ्या डीटीएच कंपन्यांचे उपग्रह सोलापूरच्या पूर्वेला, विषुववृत्तावर आहेत, म्हणून शहरातल्या सगळ्या छत्र्या आग्नेयेच्या आसपास तोंड करून असतात. तुमची बाल्कनी पश्चिमेची असेल तर छत्री गच्चीवरच लावावी लागेल, आणि गच्चीवर लावायची म्हणजे सोसायटीची परवानगी आधी हवी. बिल्डरने गच्चीचा हक्क कुणाला विकलाय का, तेही बघा. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. डीडी सह्याद्री, कन्नडसाठी चंदना आणि तेलुगूसाठी यादगिरी, सप्तगिरी तिथे मिळतात. पण सासूबाईंच्या मालिका ज्या मोठ्या पे चॅनेलांवर असतात, ती तिथे नाहीत. गावाकडच्या घराला ती छान, इथे नको.

‘सगळं ओटीटीवर येतं की, टीव्हीचं पॅक कशाला?’ असं मुलगा म्हणेल. येतं. स्टारची चॅनेलं जिओहॉटस्टारवर, झीची झी-फाइव्हवर, जेमिनी सन एनएक्सटीवर, ईटीव्हीची ईटीव्ही विनवर. म्हणजे चार ॲप आणि चार वर्गण्या. नेटच्या प्लॅनबरोबर ‘वीस ओटीटी फ्री’ म्हणतात त्यात या चारपैकी किती आहेत आणि ती टीव्हीवर चालतात की फक्त मोबाइलवर, हे तपासा. आणि सासूबाईंचा विचार करा. त्यांना नंबर दाबला की चॅनेल लागायला हवा. सासऱ्यांनाही एक अडचण आहे: ॲपवरचं क्रिकेट काही सेकंद मागे असतं. शेजारच्या डिशवर सिक्सचा आरडाओरडा आधी होतो आणि आपल्याकडे बॉलर अजून पळतच असतो.

केबलवाल्याचं ‘दोन्ही एकाच तारेत’ वाईट नाही, पण एक विचारा: टीव्ही नेटवरून देतो की आरएफवरून? आरएफवाल्या पद्धतीत त्याच काचेतून टीव्हीचा प्रकाश वेगळ्या तरंगलांबीचा, १५५० नॅनोमीटरचा, स्वतंत्र जातो आणि घरातल्या डब्याला जुन्या केबलचं गोल पोर्ट असतं. तिथे नेटचा सर्व्हर बसला तरी टीव्ही चालू राहतो. नेटवरून देणाऱ्याकडे नेट गेलं की मालिकाही गेली. तार तुटली तर मात्र दोन्हीकडे दोन्ही जातं. ज्या घरात घरून काम आणि सासूबाईंच्या मालिका दोन्ही आहेत, तिथे एकाच तारेवर सगळं टांगू नये, असं माझं मत. केबलवाल्याला हे पटणार नाही.

पैशांचं. कार्डावरचा ४९९ म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. जोडणीचे, राउटरचे, अनामत किती आणि त्यातले परत किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या ‘अनलिमिटेड’लाही महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. तुम्ही ती ओलांडणार नाही, पण छोट्या स्थानिक प्लॅनला ती बरीच खाली असू शकते. वर्षाचे एकदम भरल्यावर दोन महिने फ्री, या मोहात मी स्वतः पडलोय. या धंद्यातला असून. एका स्थानिक ऑपरेटरला मी बारा महिन्यांचे दिले. चौथ्या महिन्यात त्याने जाळं दुसऱ्याला विकलं. नव्या मालकाने हात वर केले, जुन्याने फोन उचलणं बंद केलं. पावती साध्या वहीच्या कागदावर होती, जीएसटी नंबरसुद्धा नव्हता. पहिला महिना महिन्याचाच भरा, मग तीन महिन्यांचा. त्याच्या पुढे जाऊ नका.

तक्रार केली की नंबर घ्या. तोंडी ‘बघतो’ला किंमत नाही. नंबर असला की कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येतं. ग्राहक आयोगही दूरसंचार सेवेची तक्रार ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. एवढ्यापर्यंत सहसा जावं लागत नाही. अपील म्हटलं की पोरगा शिडी घेऊन येतो.

तर तुमच्यासाठी मी असं करीन. इमारतीत ज्याचा डबा आहे आणि ज्याच्या पोराचं नाव दुसऱ्या मजल्याला ठाऊक आहे, त्याची १०० ची फायबर, अपलोडही तेवढंच, महिन्याच्या बोलीवर. टीव्ही त्याच्याकडून घ्यायचा नाही. गच्चीची परवानगी मिळाली तर डिश, नाही तर केबलवाल्याचा नुसता सेट-टॉप बॉक्स, त्यावर मराठी पॅक आणि सासूबाईंच्या कागदावरचे सुटे चॅनेल. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. मोठा इन्व्हर्टर असला तरी जोडा, लाइट जाता-येताना राउटर परत सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो आणि नेमकी तेव्हा तुमची मीटिंग असते. मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, फायबर तुटलेल्या दिवशी हॉटस्पॉटला.

आणि साखर पेठेतलं जुनं कनेक्शन नुसतं रिचार्ज न करता सोडून देऊ नका. बॉक्स आणि राउटर भाड्याचे असतील तर स्वतः नेऊन द्या, त्यावरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी ‘तुमच्याकडे आमचा डबा आहे’ असा फोन येतो, तेव्हा तो फोटोच कामाला येतो.